निओडिमियम मॅग्नेटचा सेट, एन ४२ ग्रेड: मालाला पाच स्टार, सप्लायला दीड

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांबणार आहे. वस्तू म्हणाल तर काडेपेटीपेक्षा किंचित लहान, चांदीसारखी चकचकीत वडी, ४६ बाय ३० बाय १० मिलिमीटर, अशा २४ वड्यांचा सेट. ह्याच्यावर एवढं काय लिहायचं असं घरातूनही विचारून झालंय. पण चार वर्षं वापरून, त्यातले सात स्वतःच्या हलगर्जीपणाने मारून आणि नवीन सेटसाठी पाच महिने वाट बघून झाल्यावर माणसाकडे सांगण्यासारखं बरंच साठतं.

वापर कशासाठी तर घरी बनवलेली पवनचक्की. पात्यांचा व्यास २.४ मीटर, खांबावर उभी, वारा चांगला असला की किलोवॅटच्या आसपास देते, एरवी बॅटरीला चमच्याने पाजत बसते. जनरेटर ॲक्शियल फ्लक्स पद्धतीचा, म्हणजे लोखंडाच्या दोन गोल थाळ्या, प्रत्येकीवर १२ मॅग्नेट, एकाआड एक उत्तर-दक्षिण, आणि दोन थाळ्यांच्या मधल्या फटीत रेझिनमध्ये ओतलेल्या तांब्याच्या ९ कॉइल. थाळ्या फिरतात, कॉइल जागेवर. गिअरबॉक्स नाही, ब्रश नाही, बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. ह्या "जवळजवळ"वर नंतर येतो.

आधी माल. पार्सल उघडलं तर प्रत्येक दोन मॅग्नेटच्या मधे प्लॅस्टिकची चकती, बाहेरून लोखंडी पत्र्याचं अस्तर, पॅकिंगला शंभर मार्क. एकेक नग १०३ ग्रॅमच्या आसपास, हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागतं. आणि ताकद... टेबलाच्या त्या टोकाला पाना पडला होता, मी मॅग्नेट घेऊन जरा जवळ गेलो तर पाना सरकत आला आणि टणकन चिकटला, मग तो सोडवायला दहा मिनिटं आणि लाकडाची पाचर. दोन मॅग्नेट एकमेकांना दिसले की मधे बोट असू नये, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, मीही वाचलेलं, तरी बोट होतंच, आणि नख महिनाभर काळं. शिवाय हा माल धातू दिसला तरी स्वभावाने चिनीमातीच्या कपासारखा आहे, पावडर दाबून भट्टीत भाजून बनवतात ना, त्यामुळे दोन नग आपटले की कोपऱ्याचा टवका उडतो आणि तो टवका डोळ्याच्या दिशेनेच उडतो असा माझा अनुभव आहे. चष्मा लावा. वरची थाळी खालच्यावर बसवताना हाताने धरायचा विचारसुद्धा करू नका, तीन लांब स्क्रूंवर ठेवून प्रत्येक स्क्रू अर्धा अर्धा आटा फिरवत खाली उतरवा. आणि छातीत पेसमेकर असलेल्या माणसाला त्या खोलीत घेऊ नका, ही गंमत नाहीये.

एन ४२ मधला ४२ हा आकडा म्हणजे त्या मटेरियलची चुंबकीय ऊर्जा साठवायची ऐपत, युनिट मेगागॉस-ओर्स्टेड, लक्षात ठेवायची गरज नाही. लक्षात एवढंच ठेवा की जुन्या स्पीकरच्या मागे असतो त्या काळ्या फेराइट मॅग्नेटचा हाच आकडा ४ च्या आसपास असतो. दहापट! म्हणूनच मोठ्या समुद्री पवनचक्क्या काय, इलेक्ट्रिक गाडीची मोटर काय, सगळे ह्याच वडीच्या मागे लागलेत.

गंमत म्हणजे ह्या मॅग्नेटचा जन्मच सप्लायच्या भांडणातून झालाय. त्याच्या आधी भारी मॅग्नेट म्हणजे सॅमेरियम-कोबाल्ट. १९७८ साली त्या वेळच्या झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, शाबा प्रांतात लढाई पेटली, जगाचा कोबाल्ट मोठ्या प्रमाणात तिथूनच यायचा, भाव गगनाला गेले आणि सगळ्यांची धावपळ सुरू झाली की कोबाल्टशिवाय काहीतरी शोधा. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट, दोघांनी वेगवेगळ्या वाटेने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेच उत्तर काढलं, निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन. रेसिपी कागदावर अगदी साधी आहे, दोन अणू निओडिमियमचे, चौदा लोखंडाचे, एक बोरॉनचा. म्हणजे वजनाने बघितलं तर माझ्या "रेअर अर्थ मॅग्नेट"मध्ये दोन तृतीयांश तर साधं लोखंडच आहे, रेअर अर्थ, म्हणजे निओडिमियमच्या कुळातले धातू, तीस टक्क्यांच्या आसपास. एका परक्या देशातल्या खाणीवर अवलंबून राहायला नको म्हणून शोधलेला मॅग्नेट, आणि आज त्याची काय गत आहे ते खाली वाचालच.

मधेच एक गोष्ट क्लिअर करतो कारण माझी चक्की बघायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस हेच बोलतो: "सोलर पॅनलमध्ये पण रेअर अर्थ असतात ना?" नसतात. सिलिकॉनच्या पॅनलमध्ये सिलिकॉन, चांदी, ॲल्युमिनियम, तांबं, काच. लिथियम रेअर अर्थ नाही, कोबाल्ट नाही, निकेल नाही. रेअर अर्थ म्हणजे ठरलेली १७ मूलद्रव्यं, लँथनमपासून ल्युटेटियमपर्यंतची पंधरा आणि वर स्कँडियम, इट्रियम. रिन्यूएबलमध्ये त्यांचं खरं काम मॅग्नेटमध्ये, आणि मॅग्नेटमध्ये पण मुख्यतः चारच, निओडिमियम, प्रासिओडिमियम, आणि थोडंसं डिस्प्रोशियम नाहीतर टर्बियम. ह्या शेवटच्या दोघांची नावं लक्षात ठेवा, माझे पाच महिने ह्यांनीच खाल्ले.

आता तक्रारी.

पहिली तक्रार कोटिंगची. लोखंड एवढं असल्यावर गंज येणारच, म्हणून वरून निकेल-तांबं-निकेल असा मुलामा देतात. तो मुलामा कुठे ओरखडला की खेळ खलास. माझ्या एका मॅग्नेटला बसवतानाच पान्याचा ओरखडा गेलेला, मी म्हटलं वरून रेझिन येतंय, काय होतंय. दोन वर्षांनी रेझिनला भेग, भेगेतून तपकिरी पाणी, आतला मॅग्नेट फुगून पापुद्रे सुटलेले, बोटाने खरवडला तर राखाडी भुगा. ह्यात कंपनीची चूक काही नाही, माझीच, पण घेणाऱ्याला माहीत असावं म्हणून लिहिलं. ओरखडा गेलेला नग बाजूला ठेवायचा, सरळ.

दुसरी तक्रार उष्णतेची, आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. नुसत्या "एन" ग्रेडच्या मॅग्नेटला साधारण ८० अंशांच्या वर न्यायचं नसतं. मला वाटलेलं वाऱ्यात फिरणारी वस्तू, तापणार कशाला. मग एका रात्री जोराचा वारा सुटला, चक्कीचं शेपूट ज्या पिनवर वळून पात्यांना वाऱ्यातून बाजूला काढतं ती पिन जाम झालेली (ग्रीस कुणी घालायचं होतं? मी), चक्की वाऱ्याला छाती देऊन उभी राहिली, करंट वाढत गेला आणि पहाटे जळकट वास. स्टेटर, म्हणजे रेझिनमध्ये ओतलेल्या कॉइलची ती मधली चकती, फुगून थाळीला घासला, थाळी अडकली आणि जळता भाग ज्या मॅग्नेटांसमोर येऊन थांबला त्यांचे बारा वाजले. नंतर एकेक काढून स्प्रिंगच्या काट्याने ओढून बघितला तर सात नग निम्म्यापेक्षा कमी ताकदीचे. दिसायला मात्र नव्यासारखे चकचकीत. ह्याचा मला जास्त राग आला.

आत काय होतं ते एका ओळीत सांगायचं तर मॅग्नेट म्हणजे एका दिशेला तोंड करून उभी असलेली पलटण, गरम झालं की चुळबूळ वाढते, आणि बाजूला उलट्या दिशेचं क्षेत्र असलं की एकेक जण तोंड फिरवायला लागतो. ही तोंड फिरवू न देण्याची ताकद वाढवायला निओडिमियमच्या जागी थोडं डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. मग ग्रेडच्या पुढे अक्षरं लागतात, एम म्हणजे १०० अंश, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २००. फुकट काही मिळत नाही, डिस्प्रोशियमचं चुंबकत्व लोखंडाच्या विरुद्ध दिशेला बसतं, म्हणून उष्णता सोसायची ताकद वाढली की ओढायची ताकद जराशी घटते. हल्लीचे चांगले कारखाने डिस्प्रोशियम सगळ्या पिठात मळत नाहीत, तयार मॅग्नेटवर बाहेरून लावून भट्टीत फक्त कणांच्या कडांपर्यंत मुरवतात, तोंड फिरवायची सुरुवात कडेवरूनच होते ना, म्हणून तिथेच पहारा. तेवढ्याच कामाला माल खूप कमी लागतो. हुशारी आहे.

तर मी ठरवलं आता एसएच घ्यायचे, पूर्ण २४, जुन्या-नव्याची खिचडी नको. ऑर्डर टाकली २०२५ च्या मार्चअखेरीला. पैसे भरले. आणि ४ एप्रिलला चीनने सात रेअर अर्थवर एक्स्पोर्ट लायसन्सची अट लावली, सॅमेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेटियम, स्कँडियम, इट्रियम, आणि ही ज्यात आहेत ते मॅग्नेटसुद्धा. बघा, ह्यात निओडिमियम नाहीये! साधा एन ४२ मागवला असता तर बहुतेक आठवड्यात दारात आला असता. माझ्या नशिबात ते शेवटचे चिमूटभर डिस्प्रोशियम होतं.

दुकानदाराचं नाव लिहीत नाही, कारण खरं सांगायचं तर त्याच्या हातात काही नव्हतं, पण सर्व्हिस म्हणून विचाराल तर त्रास झाला. पहिले तीन आठवडे "शिप होतंय". मग एक फॉर्म आला, मॅग्नेट शेवटी कुठे बसणार, कोण वापरणार, पुढे कुणाला विकणार का, लष्करी कामाला तर नाही ना. मी चक्कीचे फोटो, जनरेटरचं ड्रॉइंग, जळक्या स्टेटरचा फोटो पण जोडला, वाटलं दया येईल. मग पुन्हा शांतता. मग परत तोच फॉर्म, सही दुसऱ्या रंगाच्या शाईत. अडीच किलो मॅग्नेटसाठी! तेवढ्यात बातम्या यायला लागल्या, फोर्डने मे महिन्यात शिकागोचा प्लँट आठवडाभर बंद ठेवला, सुझुकीने जपानमध्ये स्विफ्टचं उत्पादन थांबवलं, तेव्हा म्हटलं आपण कोण लागून गेलो. ऑक्टोबरमध्ये चीनने यादीत आणखी पाच नावं घातली, होल्मियम, अर्बियम, थुलियम, युरोपियम, इटर्बियम, आणि नोव्हेंबरमध्ये ती वाढीव अट वर्षभरासाठी थांबवली. एप्रिलची अट मात्र तशीच. माझं पार्सल त्याच्या आधीच, ऑगस्टच्या शेवटी आलं होतं. न सांगता, एक दिवस दारात.

त्या पाच महिन्यांत दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून वाचत बसलो, की बाबा ही वडी येते कुठून. आणि डोक्यातली बरीच जळमटं निघाली.

सगळ्यात मोठं जळमट म्हणजे "रेअर". सेरियम जमिनीच्या कवचात जवळपास तांब्याइतकं आहे, निओडिमियम शिशापेक्षा जास्त. नाव पडलं कारण १७८७ मध्ये स्वीडनमधल्या इटरबी गावाजवळच्या खाणीत एक विचित्र काळा दगड सापडला आणि त्यातून निघालेल्या पांढऱ्या भुकटीला तेव्हाच्या केमिस्ट लोकांच्या भाषेत "अर्थ" म्हणायचे. त्या एका गावाच्या नावाने चार मूलद्रव्यं आहेत, इट्रियम, इटर्बियम, टर्बियम, अर्बियम. डिस्प्रोशियमचा ग्रीक अर्थच "हाती लागायला कठीण" असा आहे. १८८६ मध्ये नाव ठेवणाऱ्याला माझ्या ऑर्डरचं आधीच कळलं असावं.

म्हणजे दगड भरपूर आहे. चीनमधल्या इनर मंगोलियात बायान ओबो, जगातली सगळ्यात मोठी खाण, आणि ती मुळात लोखंडाची आहे, रेअर अर्थ बरोबर निघतात, त्यामुळे खर्चाचा मोठा भाग लोखंडावरच निघतो, दुसऱ्याने नुसत्या रेअर अर्थसाठी खाण काढून ह्याच्याशी भाव कसा लावायचा? अमेरिकेत कॅलिफोर्नियात माउंटन पास, ऑस्ट्रेलियात माउंट वेल्ड. खाणीत चीनचा वाटा अलीकडच्या वर्षांत सत्तर टक्क्यांच्या आसपास. पण ह्याच्या पुढच्या पायऱ्यांवर, म्हणजे मूलद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करणं आणि मॅग्नेट बनवणं, तिथे तोच वाटा नव्वद टक्क्यांच्या घरात जातो. घोडं अडलंय ते इथे, जमिनीत नाही.

कारण ही सतरा भावंडं रसायनशास्त्राच्या दृष्टीने इतकी सारखी आहेत की आईलासुद्धा ओळखू येणार नाहीत. निओडिमियम आणि प्रासिओडिमियमला तर कितीतरी वर्षं एकच मूलद्रव्य समजायचे, डिडिमियम, म्हणजे जुळं, १८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख ह्या ऑस्ट्रियन माणसाने ते फोडलं तेव्हा कळलं आत दोघं आहेत. आजही वेगळं करायची पद्धत म्हणजे ॲसिडमध्ये विरघळवायचं, मग तेलकट द्रवाबरोबर घुसळायचं, एक थोडंसं जास्त तेलात जातं, दुसरं थोडंसं जास्त पाण्यात राहतं, मग परत घुसळायचं, परत, परत, अशा शेकडो टाक्या एकापुढे एक. एका टाकीत फरक नखाएवढा, शेवटच्या टाकीत शुद्ध माल. हे पुस्तक वाचून उभं करता येत नाही, कुठल्या टाकीत काय बिनसलं हे नाकाने ओळखणारी माणसं लागतात, आणि ती माणसं तयार व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. चीनने ती लावली. बाकीच्यांनी "स्वस्तात मिळतंय ना, घ्या" म्हटलं. माउंटन पास एकेकाळी जगाला रंगीत टीव्हीच्या लाल रंगासाठी युरोपियम पुरवायची, २००२ मध्ये बंद पडली, पुढे मोलिकॉर्पने चालू केली तर २०१५ मध्ये ती कंपनीच दिवाळखोरीत, आणि आताच्या मालकांनी चालू केली तेव्हाही खाणीतला माल वेगळा करायला कितीतरी वर्षं चीनलाच जायचा. जनरल मोटर्सने तर मॅग्नेट बनवणारी आपली मॅग्नेक्वेंच १९९५ मध्ये विकून टाकली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतलं काम गुंडाळून तिकडे गेलं. स्वतःच शोधलेला मॅग्नेट स्वतःच विकला. ह्याला काय म्हणावं.

आणि असं नाही की कुणाला आधी चटका बसला नव्हता. २०१० मध्ये दोघेही हक्क सांगतात त्या सेंकाकू बेटांजवळच्या बोटींच्या टकरीवरून चीन-जपान वाजलं, जपानकडे जाणारा माल अडला, २०११ मध्ये भाव आकाशाला भिडले, २०१४ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने चीनच्या निर्यातीवरच्या कोट्याविरुद्ध निकाल दिला, २०१५ मध्ये कोटा गेला, भाव कोसळले, आणि त्या कोसळण्यातच बाहेरच्या नव्या खाणी मेल्या. भाव चढला की सगळे जागे, उतरला की सगळे झोपले. धडा घेतला तो एकट्या जपानने, माउंट वेल्डवाल्या ऑस्ट्रेलियन लायनस कंपनीला पैसा लावून जगवलं. तीच लायनस २०२५ च्या मे महिन्यात मलेशियातल्या प्लँटमध्ये डिस्प्रोशियम ऑक्साइड काढू शकली, चीनच्या बाहेर व्यापारी प्रमाणात बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा. आणि जुलैमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने माउंटन पासवाल्या कंपनीला निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोला ११० डॉलरचा तळभाव बांधून दिला. म्हणजे भाव पाडून मारायचा डाव चालू नये म्हणून हमीभाव. मला हे बाकीच्या सगळ्या घोषणांपेक्षा जास्त पटलं.

आणखी एक भानगड आहे जी मला आधी अजिबात माहीत नव्हती. ही भावंडं एकत्र कुटुंबात राहतात, एकाला बोलावलं की सगळे येतात. बायान ओबो किंवा माउंटन पासचा दगड फोडला की त्यात निम्म्याहून कितीतरी जास्त सेरियम आणि लँथनम, ज्यांना तेवढं गिऱ्हाईक नाही, काच पॉलिश करायला नाहीतर तेल शुद्धीकरणात जातं आणि उरलेलं पडून. हवं असलेलं निओडिमियम त्यात पाचवा हिस्सासुद्धा नाही. आणि डिस्प्रोशियम-टर्बियम तर ह्या दगडांत नावापुरतं. ते येतं दक्षिण चीनमधल्या, जिआंग्शी वगैरे भागातल्या लाल मातीतून, आणि तिथे कडक झाल्यावर सीमेपलीकडे म्यानमारच्या काचिनमधून. डोंगराला भोकं पाडून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडायचं आणि पायथ्याला झिरपलेलं गोळा करायचं. झाडं तुटतात, ओढे नासतात, आणि २०२४ मध्ये तिथला मुख्य पट्टा बंडखोर काचिन सेनेने ताब्यात घेतला. माझ्या "स्वच्छ" चक्कीतल्या एसएच मधला तो एसएच बहुतेक अशाच कुठल्यातरी डोंगरातून आलाय. हे कळल्यावर पार्सल उघडताना पहिल्यासारखी मजा आली नाही, खोटं कशाला बोलू.

आता मागणीचं गणित, आणि इथे मी स्वतःलाच एक स्टार कमी देतो. मोठ्या डायरेक्ट ड्राइव्ह पवनचक्कीत, म्हणजे गिअरबॉक्स नसलेल्या, दर मेगावॅटला ६०० किलोच्या आसपास मॅग्नेट लागतो. १० मेगावॅटची समुद्रातली चक्की म्हणजे सहा टन. ऐकायला राक्षसी वाटतं. पण किलोवॅटवर आणलं तर सहाशे ग्रॅम. आणि माझं? २४ गुणिले १०३ ग्रॅम, अडीच किलो, एका किलोवॅटला. चौपट! कारण माझ्या कॉइलमध्ये लोखंडी गाभा नाही, फट मोठी, सगळं काम मॅग्नेटच्या अंगावर. बनवायला सोपं म्हणून मी महाग मटेरियल उधळलंय. इलेक्ट्रिक गाडीची अख्खी मोटर एक-दोन किलोत भागते.

त्यात मोठ्या चक्क्यांना मॅग्नेटशिवाय चालतच नाही असंही नाही. जमिनीवरच्या असंख्य चक्क्या गिअरबॉक्स आणि साध्या इंडक्शन जनरेटरवर चालतात, मॅग्नेट शून्य. जर्मनीच्या एनरकॉनने वर्षानुवर्षं गिअरबॉक्सही नाही आणि मॅग्नेटही नाही अशा चक्क्या विकल्या, फिरत्या भागात मॅग्नेटऐवजी तांब्याच्या कॉइल घालून, फक्त जनरेटर अवाढव्य होतो. गाड्यांमध्ये बीएमडब्ल्यू तसंच करते. मधला रस्ता म्हणजे छोटा गिअरबॉक्स आणि त्याला जोडलेला छोटा मॅग्नेटवाला जनरेटर, मॅग्नेट बराच कमी. समुद्रात मात्र गिअरबॉक्स दुरुस्त करायला जहाज आणि क्रेन न्यावी लागते म्हणून तिथे मॅग्नेटची चैन परवडते, आणि मला वाटतं तिथेच ती करावी. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने अंदाज दिलेला की स्वच्छ ऊर्जेसाठी रेअर अर्थची मागणी २०४० पर्यंत तिप्पट ते सातपट होईल. तिप्पट आणि सातपटीच्या मधलं अंतर ह्यावरच आहे, चक्कीचं कुठलं डिझाइन निवडता आणि सरकारी धोरण किती जोर लावतं.

फेराइट घेऊन बघितलं का? कागदावर बघितलं. एन ४२ चं क्षेत्र १.३ टेस्लाच्या आसपास, फेराइटचं ०.४. तेवढीच वीज काढायची तर थाळी मोठी, तांबं जास्त, खांबावरचं वजन दुपटीच्या वर, आणि माझा खांब ते सोसेल का ह्याची खात्री नाही. पण गंजत नाही, तापायचं टेन्शन नाही आणि फॉर्म भरावा लागत नाही. नव्याने खांबच उभा करणार असाल तर गंभीरपणे विचार करा, मी आज सुरुवात करत असतो तर बहुतेक तेच केलं असतं.

नवीन एसएच सेटबद्दल थोडक्यात, अजून दोनच महिने झालेत. ताकद हाताला जुन्याइतकीच वाटते, कडांचं फिनिशिंग किंचित खडबडीत, दोन नगांवर मुलाम्याचा रंग वेगळा दिसतो पण ओरखडा नाही. ह्या वेळी स्टेटरमध्ये तापमानाचा सेन्सर ओतलाय, ७० अंशांना चक्की आपोआप ब्रेक लावते, आणि शेपटाच्या पिनला ग्रीस घालायचं कॅलेंडरमध्ये टाकलंय. खरं तर ह्या दोन गोष्टी आधी केल्या असत्या तर डिस्प्रोशियमची गरजच नव्हती, साधा एन ४२ जन्मभर पुरला असता. हे मी ऑर्डर दिली त्याच दिवशी बायकोने सांगितलेलं, पण असो.

जुन्या सेटपैकी गंजलेला एक भुगाच झालाय. बाकीच्या सात मेलेल्यांची गंमत अशी की ते खरे मेलेलेच नाहीत, आतलं मटेरियल शाबूत आहे, पलटण फक्त पांगलीये, एका जोरदार चुंबकीय झटक्यात परत रांगेत उभी राहील. पण तसं मशीन कारखान्यात असतं आणि सात नगांसाठी कुणी ते चालू करत नाही, दोन ठिकाणी विचारून बघितलं, एकाने उत्तरच दिलं नाही, दुसरा म्हणाला हजार नग असतील तर बोला. भंगारात दिले तर लोखंडाबरोबर भट्टीत जाऊन निओडिमियम मळीत फुकट, जगात रेअर अर्थचं रीसायकलिंग एक टक्काही होत नाही ते असंच. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या लोकांनी हायड्रोजन सोडून मॅग्नेटचा आपोआप भुगा करायची आणि त्या भुग्याचेच पुन्हा मॅग्नेट करायची पद्धत काढलीये, ती बाजारात रुळेपर्यंत माझे सातजण लाकडी डब्यात, मधे चकत्या घालून, माळ्यावर. डब्यावर मार्करने लिहिलंय "पाना जवळ आणू नये".